बंदुकीची नळी म्हणजे पाण्याचा पाइप नव्हे



गेल्या पंधरवड्यात आलेल्या टपालात भातावरचा करपा, नारळावरचा सोंड्या भुंगा, आंब्याचा मोहोर ही पत्रे नेहमीप्रमाणे होतीच. एक पत्र मात्र वेगळे निघाले. रत्नागिरी जिल्ह्यातील एका वाचकाने ते लिहिले आहे. मजकूर थोडक्यात असा:

"आमच्या घरी वडिलांच्या वेळची एकनळी बारा बोअरची बंदूक आहे. परवाना शेतीसंरक्षणाचा, वडिलांच्या नावे. वडील दोन वर्षांपूर्वी वारले. डुकरांनी नाचणी आणि भात ठेवले नाही, म्हणून बंदूक माळ्यावरून खाली काढली, तर नळी आतून गंजून खड्डे पडलेले. माझा भाचा अमेरिकेत असतो. तो म्हणतो, मामा, इकडे लोक घरच्या वर्कशॉपमध्ये स्वतः रायफलीची नळी बदलतात, त्यात एवढे काही नाही. आमच्या तालुक्याच्या गावी लेथवाला हुशार आहे. पंपाचे बुश, ट्रॅक्टरचे शाफ्ट सगळे करतो. तो नळी करून देतो म्हणाला. करून घ्यावी काय?"

उत्तर आधी देतो आणि कारणे मागून सांगतो. करून घेऊ नका. लेथवाल्यालाही करू देऊ नका, कारण त्यात त्याचेही घर बुडेल.

बंदूक हा कृषी खात्याचा विषय कधीपासून झाला, असे एखादा वाचक विचारील. शेतीसंरक्षणाची बंदूक ही कोकणात आणि घाटमाथ्याच्या गावांत विळा-कोयतीइतकीच शेतीच्या सामानात मोडते. शेतावर फिरताना ओटीवर खुंटीला टांगलेल्या, तोंडात चिंधी कोंबलेल्या बंदुका मी इतक्या पाहिल्या आहेत की, हा विषय कोणीतरी काढायलाच हवा होता.

आता भाच्याची बाजू. तो खोटे सांगत नाही. अमेरिकेत लीव्हरची रायफल म्हणून एक जुना प्रकार आहे. चापाभोवती लोखंडी कडे असते. ते खाली ओढून पुन्हा वर घेतले की, उडालेले काडतूस बाहेर पडते आणि नवे आत येते. नवी काडतुसे नळीच्या खाली बसवलेल्या लांब नळकांड्यात एकामागे एक उभी असतात. एकाच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकते. म्हणून या रायफलींना चपट्या तोंडाची गोळी वापरतात. टोकदार गोळी धक्क्याने पुढच्या काडतुसाची टोपी फोडील, ही भीती. जॉन ब्राउनिंग या कारागिराने आखलेली विंचेस्टर कंपनीची १८९४ सालची रायफल या जातीतली सर्वांत प्रसिद्ध. ती सत्तर लाखांहून अधिक विकली गेली. मार्लिन कंपनीची १९४८ सालची ३३६ क्रमांकाची रायफल तिच्या जोडीची. तिकडच्या शेतकऱ्याच्या आणि शिकाऱ्याच्या घरात आजोबांपासून चालत आलेली अशी एखादी रायफल असतेच. शंभर वर्षांची झाली की नळी झिजते, आतल्या पिळाच्या खाचा बोथट होतात, मग कोणी कोणी घरच्या बाकावर नळी बदलायला घेतो.

पण तो काम कसे करतो, ते नीट ऐका. भाच्याने कदाचित एवढे सांगितले नसेल.

या रायफलीची नळी मागच्या लोखंडी पेटीत आट्यांनी बसवलेली असते. काढण्यासाठी नळी लाकडी ठोकळ्यांत, मजबूत व्हाइसमध्ये आवळतात आणि पेटीला तिच्याच आकाराचा खास पाना लावून फिरवतात. पेटी वरून आणि खालून पोकळ, भिंती पातळ. पाना चुकीच्या जागी लागला तर नळी जागची हलत नाही, पेटीच पिळवटते. मग नळी राहो, रायफलच भंगारात जाते. नवी नळी तो पाइप कापून करीत नाही. नळ्या बनवणाऱ्या कारखान्याकडून, त्याच जातीच्या रायफलीसाठी केलेली पोलादी नळी मागवतो. ती आट्यांवर घट्ट बसली त्या क्षणी तिच्यावरची माशी बरोबर माथ्यावर यावी लागते. खांद्यावर केसभर धातू जास्त राहिला किंवा कमी झाला तर माशी एका बाजूला कलते. नळकांडे अडकवायची खाच, काडतूस ओढून काढणाऱ्या आकड्याची जागा, हे सगळे त्यानंतर कानशीने जमवायचे.

खरा जीव आहे तो काडतुसाच्या घरात. हे घर कारखान्यातून मुद्दाम थोडे उथळ येते. माणूस त्यात कापणारे हत्यार घालून हाताने थोडे थोडे फिरवतो, काढतो, पुसतो, मोजतो. मोजायला दोन मापे असतात. एक माप घातल्यावर रायफल बंद झालीच पाहिजे. दुसरे घातल्यावर बंद होता कामा नये. या दोन मापांत फरक किती? .३०-३० या नेहमीच्या काडतुसाला सुमारे एक दशांश मिलिमीटर. म्हणजे पोस्टकार्डाच्या जाडीपेक्षाही कमी. ही फट जास्त राहिली तर बार उडताना काडतुसाचे पितळ मागे ताणले जाते आणि बुडाशी फाटते. तापलेला वायू मग नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांकडे येतो.

हे काम ज्यांना जमते, त्यांच्याकडे ही मापे असतात. ज्यांच्याकडे नसतात, ते तिथेही ते काम बंदूक-कारागिराकडेच देतात.

दुसरी गोष्ट कायद्याची, आणि इथे भाच्याचे गाव आणि मामाचे गाव यांत सात समुद्रांचे अंतर आहे. अमेरिकेच्या संघराज्याच्या कायद्यात बंदूक म्हणजे ती लोखंडी पेटी. नंबर तिच्यावर, नोंद तिची. नळी हा सुटा भाग समजतात, सायकलच्या चाकासारखा. तो टपालाने मागवता येतो. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र अधिनियम आहे. त्यात 'बंदूक' या शब्दाच्या व्याख्येतच बंदुकीचे भाग येतात. म्हणजे नुसती नळी घरात ठेवली तरी कायद्याच्या नजरेत ती बंदूकच. आणि त्याच कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे बंदूक बनवणे, दुरुस्त करणे, तिच्यात बदल करणे, तिची चाचणी घेणे, यांपैकी काहीही परवान्यावाचून करता येत नाही. बंदूक वापरण्याचा परवाना निराळा आणि दुरुस्तीचा निराळा. तुमच्या वडिलांचा परवाना वापरण्याचा होता.

शिक्षा पूर्वी तीन ते सात वर्षांची होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती कमीत कमी सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी झाली. तुमचा लेथवाला बिचारा पंपाचे बुश करून पोट भरतो. मजुरीच्या चार पैशांसाठी तो कशाला हात घालतो आहे, हे त्याला कोणी सांगितलेले दिसत नाही. हा अंक त्याला वाचायला द्या. नळीचे तोंड गंजले आहे तर तेवढे कापून टाकू, असाही सल्ला गावात मिळतो. नळी आखूड करणे हाही याच कायद्याखाली तेवढाच गुन्हा आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी लोखंड काय म्हणते ते पाहा. तुम्ही शेतात पीव्हीसी पाइप टाकता तेव्हा दुकानदाराला काय विचारता? चार किलोचा की सहा किलोचा? म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर चार किंवा सहा किलो दाब सोसणारा. ठिबकला एक-दीड किलो पुरतो. आता बारा बोअरच्या काडतुसाचा दाब ऐका. वरची मर्यादा सुमारे ८०० किलो. भाच्याच्या .३०-३० रायफलीची सुमारे २९५० किलो. हा दाब हळूहळू चढत नाही. डोळ्याची पापणी लवायच्या आत, नळीच्या मागच्या वीतभर भागात तो उसळतो आणि उतरतो. त्या जागी तुमचा डावा हात असतो, आणि चेहरा तिथून हातभर अंतरावर.

लेथवाला चांगला असेल. शाफ्टला तो शंभर नंबरी माणूस असेल. पण तो नळी आणणार कुठून? बाजारात मिळतो तो जोडाचा पाइप. पत्रा वळवून लांबीत सांधलेला. तो सांधा पाण्याला पुरतो, बाराला पुरत नाही, लांबीत उकलतो. भरीव दांडा घेऊन भोक पाडीन म्हणाला, तरी ते पोलाद कोणत्या जातीचे, त्याला कसा ताव दिलेला, हे त्याला ठाऊक नसते. शिवाय तुमच्या एकनळीची नळी आट्यांवर नसतेच. तिच्या बुडाखाली एक जाड लोखंडी आकडा असतो. तो बिजागरीच्या खिळ्यावर फिरतो, म्हणून बंदूक मधोमध मोडते. हा आकडा नव्या नळीला वेल्डिंगने चिकटवायचा, म्हणजे जिथे दाब सर्वांत जास्त तिथलेच पोलाद तापवून त्याचा ताव घालवायचा. कारखान्याची नळी बुडाशी जाड, पुढे पातळ होत गेलेली असते. आत काडतुसाचे घर, मग उतार, मग साडेअठरा मिलिमीटरचे सरळ भोक असते. वाचकांपैकी कोणाला कुतूहल असेल म्हणून सांगतो: नळीत नेमक्या बसणाऱ्या बारा शिशाच्या गोळ्यांचे वजन एक पौंड भरते, म्हणून ती बारा बोअर. म्हणूनच वीस बोअरचे भोक बारापेक्षा लहान असते. नवशिके नेमके इथे फसतात.

कारखान्यातून बाहेर पडणारी प्रत्येक नळी आधी परीक्षा देते. नेहमीपेक्षा जास्त ताकदीचा बार भरून ती उडवतात. टिकली, फुगली नाही, तर तिच्यावर शिक्का मारतात. आपल्याकडे हे काम पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्यात होत आले आहे. तालुक्याच्या लेथवर झालेल्या नळीची परीक्षा कोण देणार? पहिला बार काढणारा, म्हणजे तुम्ही, किंवा "बाबा, मी बघू?" म्हणणारा तुमचा मुलगा.

हे सगळे झाल्यावर पत्रलेखकाला एक कडू गोष्ट सांगणे भाग आहे. तुमचा पहिला प्रश्न नळीचा नाहीच. परवाना वडिलांच्या नावे होता, आणि तो माणसाबरोबर संपतो. वडील गेले त्या दिवसापासून ती बंदूक घरात ठेवायला घरातल्या कोणालाच अधिकार उरला नाही. कायदा म्हणतो, ती विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी. दोन वर्षे झाली. दुःखात, शेतीच्या घाईत राहून गेले हे समजते. पण आता आणखी एक आठवडाही घालवू नका. वडिलांचा परवाना आणि मृत्यूचा दाखला बरोबर घ्या. ओळखीचे वकील असतील तर त्यांना सोबत न्या आणि आपण होऊन जमा करा. पावतीवर बंदुकीचा नंबर बरोबर लिहिला आहे ना, हे ठाण्यातच वाचून घ्या. मग वारस म्हणून आपल्या नावे परवान्यासाठी जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. शेतीचा सातबारा त्याला लागेलच.

परवाना मिळाल्यावर नळीचा विचार करा. शस्त्रदुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडेच बंदूक न्या. बरोबर परवान्याचे पुस्तक न्या आणि पोच घ्या. नळीत डोकावून तो सांगेल की, खड्डे वरवरचे आहेत की खोल. पुढच्या भागातले बारीक डाग एवढे भयंकर नसतात. काडतुसाच्या घराजवळचे खड्डे मात्र वाईट, आणि तिथे भिंत किती उरली हे तो मापाने पाहील. नळी बदलणे शक्य असेल तर ती कारखान्याची, शिक्क्याची हवी आणि तिच्या नंबराची नोंद परवान्यावर झाली पाहिजे. माझा अनुभव विचाराल तर, इतक्या जुन्या एकनळीवर खर्च करण्यापेक्षा ती रीतसर देऊन टाकून दुसरी घेणे बहुतेकांना स्वस्त पडते. वडिलांची आठवण म्हणून जीव तुटतो, हे खरे. तरी आठवणीसाठी वडिलांचा फोटो पुरतो.

ज्यांच्या घरी परवान्याची चालू बंदूक आहे, त्यांच्यासाठी आता दोन गोष्टी. या दुरुस्त्या नव्हेत. मालकाने करायची देखभाल आहे.

नळी तपासायची तर आधी बंदूक रिकामी आहे याची खात्री करा. काडतुसाच्या बंदुकीत हे सोपे आहे, मोडली की दिसते. ठासणीच्या बंदुकीत दिसत नाही आणि बहुतेक अपघात तिथेच होतात. "रिकामीच आहे" म्हणून खुंटीला टांगलेली बंदूक गेल्या शिमग्यात कोणी भरून ठेवली, ते कोणालाच आठवत नसते. म्हणून टोपी काढलेली असताना गज हळूच नळीत सोडा. नळीच्या तोंडाशी गजावर खूण करा. गज काढून बाहेरून नळीला समांतर धरा, खूण तोंडाशी. दुसरे टोक टोपीच्या जागेपर्यंत पोचले तर नळी रिकामी. चार बोटे अलीकडे राहिले तर आत बार आहे. तसे निघाले तर बंदूक तशीच, तोंड मोकळ्या बाजूला करून ठेवा आणि जाणत्या कारागिराला बोलवा. मागचा आटेदार बोळा पान्याने खोलायला बसू नका. आपल्या घरातल्या बायांनीही ही गजाची परीक्षा शिकून घ्यावी. पुरुष शेतावर असताना माळ्यावरची बंदूक झाडायला-पुसायला काढतात त्या त्याच.

काडतुसाची बंदूक मोडून उजेडाकडे धरा आणि आतून पाहा. आतली चमक सरळ रेषेत दिसायला हवी. मधेच काळी अंगठी पडल्यासारखी सावली दिसली, तर तिथे नळी फुगलेली आहे. कधीतरी चिखल, चिंधी, गांधीलमाशीचे घर आत असताना बार काढला गेला असणार. ती बंदूक त्या दिवसापासून बंद. आणि वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या घरात एकाच डब्यात कधीही ठेवू नका. ते बारा बोअरच्या नळीत घसरून पुढे अडकते. बार उडाला नाही, घर रिकामे दिसते, म्हणून माणूस मागून बाराचे काडतूस भरतो. मग पुढच्या काडतुसासकट नळी फुटते. रात्री, बॅटरीच्या उजेडात, डुक्कर समोर आल्याच्या घाईत हे होते.

घाईवरून आणखी एक. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या जनावराबद्दल वनखात्याची लेखी परवानगी मिळू शकते, पण ती आधी लागते. नुकसान झाले की त्याच दिवशी वनरक्षकाला कळवून पंचनाम्याची मागणी करा. भरपाई बंदुकीपेक्षा बिनधोक. सौर कुंपणाचा झटका तर रात्रभर जागतो आणि त्याला नेम लागत नाही. मात्र घरच्या विजेची तार कुंपणाला जोडण्याचा उद्योग कोणी करू नये. त्याने डुकराआधी शेजारी मरतो.

साफसफाईचे पाहू. ठासणीच्या बंदुकीतली काळी दारू जळल्यावर जी काजळी उरते, ती हवेतली ओल ओढून घेते. कोकणच्या पावसाळ्यात एका रात्रीत नळी तांबूस दिसते. बार काढल्यावर त्याच दिवशी नळी कढत पाण्याने धुवा. कढतच हवे, म्हणजे लोखंड तापून आपोआप सुकते. कोरड्या फडक्याने पुसा, मग शिलाई मशीनचे पातळ तेल फडक्याला लावून आतून फिरवा. खोबरेल तेल लावू नका, ते थंडीत थिजते आणि जुने झाले की चिकट होते. तोंडात चिंधी कोंबून ठेवण्याची चाल सोडा. चिंधी ओल धरते, आणि काढायची विसरली तर वर सांगितलेला अपघात ठरलेला. कातडी म्यानातही पावसाळाभर ठेवू नका. चामडे ओल धरते.

निवडणुका आल्या की बंदुका ठाण्यात जमा करण्याच्या नोटिसा येतात. तिथे महिना-दीड महिना बंदुका एकमेकींना टेकून उभ्या असतात आणि परत मिळाल्यावर मालक कपाळाला हात लावतात. म्हणून जमा करायच्या आदल्या दिवशी बंदूक धुऊन-सुकवून नळीच्या आत आणि बाहेर नेहमीपेक्षा जाड तेलाचा हात द्या. दस्त्याला नाव-गाव लिहिलेली चिठ्ठी दोऱ्याने बांधा. परत आणल्यावर ते जाड तेल कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून काढल्याशिवाय पहिला बार भरू नका.